पडायचेच दात, म्हणून सोडून द्यायचे का?

रविवारी सकाळी पारावर मी सहज सांगितले की आता रोज रात्री मुलाचे दात मीच घासतो, त्यावर अण्णा म्हणाले, "दुधाचे दात पडायचेच असतात, त्यांच्यासाठी एवढा खटाटोप कशाला? आम्ही राखुंडीने दात घासून मोठे झालो." अण्णांचा अनुभव मोठा आहे, पण या बाबतीत मला त्यांचे म्हणणे मुळीच पटत नाही, कारण माझ्या घरी या समजुतीची किंमत माझ्या मुलाने मोजली आहे.

तो रात्री बाटली तोंडात धरूनच झोपायचा आणि दुधात आम्ही साखर घालत होतो. तीन वर्षांचा असताना एकदा त्याचा वरचा ओठ उचलून पाहिला, तर समोरच्या चारही दातांवर हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली. आम्ही तो दुधाचा डाग समजलो आणि काही महिन्यांत तिथेच तपकिरी खड्डे पडले. खालचे दात मात्र शाबूत होते.

आमच्या कट्ट्यावरची दंतवैद्य मैत्रीण, जिला आम्ही सगळे डॉक्टर म्हणूनच हाक मारतो, तिने याचा उलगडा केला. खालच्या दातांवर जीभ आणि लाळ यांचे पांघरूण असते. वरच्यांना ते मिळत नाही आणि झोपेत लाळही कमी सुटते. दातांवरच्या थरातले जंतू साखरेचे आम्ल करतात आणि ते आम्ल दुधाच्या दातांचे पातळ कवच लवकर पोखरते. ती पांढरी रेघ दिसताच रात्रीची बाटली बंद केली असती आणि दाताचे कवच घट्ट करणारे फ्लोराइड असलेली पेस्ट लावली असती, तर कीड तिथेच थांबण्याची शक्यता होती, हे तिने सांगितले तेव्हा मला फार वाईट वाटले.

"पण शेवटी पडणारच ना?" अण्णांनी पुन्हा विचारले. डॉक्टर म्हणाली, "अण्णा, समोरचे दात सहा-सात वर्षांपासून पडू लागतात, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. मूल त्यांनीच भाकरी चावते आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागाही त्याच राखतात. दाढ किडून लवकर काढावी लागली, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली पक्की दाढ सगळ्यांत मागे येते. ती येताना कोणताच दात पडत नाही, त्यामुळे पुष्कळ आईबाप तिलाही दुधाचीच समजून सोडून देतात."

मास्तरांचा आक्षेप मात्र वजनदार होता. यवतमाळकडे नोकरीला असताना बोअरच्या पाण्यातील फ्लोराइडमुळे मुलांचे दात पिवळे-तपकिरी झालेले त्यांनी वर्गात रोज पाहिले होते, म्हणून फ्लोराइडची पेस्ट लहान मुलाच्या तोंडात घालायला त्यांचे मन धजावत नव्हते. दात जबड्यात घडत असतानाच वर्षानुवर्षे पोटात गेलेल्या फ्लोराइडने ते डाग पडतात, हे डॉक्टरने मान्य केले. म्हणूनच तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढीच पेस्ट द्यावी, घरातल्या मोठ्या माणसाने समोर उभे राहून ती थुंकायला लावावी, आणि ज्या गावच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे तिथे आधी दंतवैद्याला विचारावे, असे ती म्हणाली. माझ्या मते मास्तरांची भीती खरी आहे, पण तिचे उत्तर पेस्ट सोडणे हे नाही.

मग अण्णा गोडाकडे वळले, कारण नातीला रोज लाडू देण्याचा मान त्यांचा. लाडू जेवणाबरोबर खाऊन संपवलेला चालेल, दिवसभर थोडे थोडे बिस्किट चघळणे अधिक वाईट, कारण प्रत्येक घासागणिक तोंडात पुन्हा आम्ल तयार होते, हे ऐकून ते जरा सावरले. राहिला प्रश्न ब्रश कोणी धरायचा याचा. मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत त्याच्या बोटांना मागच्या दाढांपर्यंत नीट पोहोचण्याचे कसब येत नाही. म्हणून सकाळी माझा मुलगा स्वतः घासतो, आणि रात्री मी त्याचे डोके मांडीवर घेऊन घासतो. पहिले आठ दिवस तो रडला. आता स्वतःच येऊन आडवा होतो.

अण्णांची नात नुकतीच सहा वर्षांची झाली आहे. उठता उठता त्यांनी डॉक्टरला विचारले, "ती मागची दाढ आली आहे की नाही, हे बघायला बॅटरी लागेल का गं?"