ड्रायरची जाळी काढा म्हणणारा मेसेज पुढं पाठवू नका

"ड्रायर कपडे वाळवायला लई वेळ घेतो? मेकॅनिकला पैसे घालू नका, हे चार उपाय करा" असा मेसेज बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपवर फिरतोय, आणि आमच्या खानापूरच्या आत्यानं त्यातला पहिला उपाय करूनपण टाकला म्हणून हे लिहायला लागतंय.

पहिला उपाय काय, तर आतली जाळी काढून ठेवा, हवा मोकळी होते. अहो, जाळी असते कशाला? कपड्यांतून सुटलेला कापूस तिथं अडतो. ती काढली की तोच कापूस आत पंख्यात, पाइपमध्ये, हीटरजवळ जाऊन बसतो, आणि सुका कापूस कसा पेटतो हे रोज निरांजन लावणाऱ्यांना सांगायला नको. अमेरिकेच्या सरकारी फायर ॲडमिनिस्ट्रेशनचा २००८ ते २०१० चा हिशेब बघा, घरातल्या ड्रायरच्या वर्षाला साधारण २,९०० आगी, आणि सगळ्यात मोठं कारण साफ न करणं, ३४ टक्के. तिथं नुसतं साफ केलं नाही तर ही गत, इथं जाळीच काढून ठेवा म्हणतायत!

जाळी तुंबली की वेळ लागतो, तेवढं खरं. मग साफ करा की. प्रत्येक लोडनंतर कापूस हातानं ओढून काढा. मधूनमधून जाळी नळाखाली धरा, पाणी वरच साचून राहिलं तर कपडे मऊ करायच्या सॉफ्टनरचा थर बसलाय, साबण लावून जुन्या टूथब्रशनं घासा, वाळवून परत बसवा.

ड्रम गच्च भरा म्हणे. हवा फिरायलाच जागा नाही तर वाळणार कसं?

तिसरा उपाय, मागचा पाइप खोलीतच सोडा, पावसात ऊब राहते. खानापूरच्या जुलैमध्ये! आधीच हवा ओली, त्यात ड्रायरनं सोडलेली वाफ परत तोच आत ओढणार, आणि भिंतीला बुरशी येणार ती वेगळीच. पाइप बाहेरच काढा, आखूड आणि सरळ ठेवा. आत्याकडं पाइपच्या बाहेरच्या तोंडावरच्या झडपेत ओल्या कापसाचा बोळा अडकून ती उघडतच नव्हती, प्लग काढून तो बोळा ओढला, मशीन लावून बाहेर हात धरला तर गरम वारा जोरात लागला.

चौथा, ओल्या कपड्यांत कोरडा टॉवेल टाकायचा उपाय लहान लोडला चालतो थोडाफार, पण पंधरा-वीस मिनिटांनी तो बाहेर काढायला पायजे. त्यापेक्षा धुतानाच स्पिन वाढवा.

एवढं करून हवा गारच येत असेल तर बहुतेक हीटर नाहीतर थर्मल फ्यूज (मशीन जास्त तापलं की वीज तोडणारा) गेलाय, मेकॅनिकला मीटर लावून बघायला सांगा, आणि फ्यूज काढून तार डायरेक्ट जोडतो म्हणाला तर जोडू देऊ नका.