साठीनंतर भूल घेतली की डोकं जातं म्हणे

बेळगाव-खानापूरकडच्या आमच्या सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, साठीनंतर भूल दिली की मेंदूला सूज येते, स्मरणशक्ती कायमची जाते, म्हणून ऑपरेशन टाळा, नाहीच टळलं तर पूर्ण भूल न घेता कमरेत इंजेक्शन घ्या, म्हणजे फक्त कमरेखालचा भाग बधिर करणारं. मावशीच्या सासऱ्यांचा खुबा मोडलाय आणि घरचे हे वाचून ऑपरेशन नको म्हणाय लागलेत, म्हणून लिहितोय.

सूज म्हणजे पाय सुजतो तसा मेंदू फुगत नाही हो. ऑपरेशनची जखम झाली की रक्तात दाह वाढवणारी रसायनं येतात, त्यानं मेंदूतल्या राखणदार पेशी खवळतात, म्हातारपणी जास्तच. म्हणजे सगळा दोष भुलेचा नाही, जखमेचाही आहे.

कायमची जाते? १९९८ साली लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात साठीपुढच्या १,२१८ पेशंटांचा अभ्यास आला, आठवड्यानं २५.८ टक्के लोक टेस्टमध्ये मागं पडलेले, तीन महिन्यांनी ९.९ टक्के. काहींचं राहतं हे खरंच आहे, आणि आधीच विसरायला होतंय त्यांना धोका जास्त, ते डॉक्टरला आधीच सांगा, झोपेच्या गोळ्या चालू असल्या तर त्याही सांगा.

कमरेतल्या इंजेक्शनचं पण तसंच. २०२१ मध्ये खुबा मोडलेल्या १,६०० जणांवर अमेरिका-कॅनडात तपासलं, ऑपरेशननंतर भ्रम होणारे पूर्ण भूल दिलेल्यांत आणि कमरेत इंजेक्शन दिलेल्यांत, दोन्हींत साधारण २० टक्केच.

आणि ऑपरेशन टाळून अंथरुणावर ठेवलं तर न्यूमोनिया, पायात रक्ताच्या गुठळ्या, पाठीला जखमा, हे मेसेजमध्ये कुठंच नाही.

माझ्या आजीचं सांगतो, खुब्याचंच ऑपरेशन, दुसऱ्या रात्री सलाईनची नळी ओढायला लागली, "म्हस सुटलीया, सोडा मला" म्हणून ओरडत होती, मला ओळखंना. मी घाबरलो, मलाही वाटलं गेलं डोकं. बघतो तर चष्मा पिशवीत, कानातलं मशीन ड्रॉवरमध्ये, नर्स बिचारी कन्नडमध्ये समजावत होती आणि आजीला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. सकाळी चष्मा घातला, मशीन लावलं, मामा शेजारी बसून आज कुठला वार, कुठं आहेस हे मराठीत सांगत राहिला, दिवसा खुर्चीत बसवलं, रात्री लाईट बंद करायला लावली. चौथ्या दिवशी चहा पिता पिता तिनं मामाला विचारलं, तू हितं बसलायस, मग घरात धार कोण काढतंय?