आधी केस, मग वेळ उरला तर गोष्ट

मुलांसाठी ॲनिमेशनपट काढायचं मनावर घेतलंय ना? मग पहिलं काम करा, लेखकाला रजेवर पाठवा आणि केस करणारी मंडळी बोलवा. एकेक केस वाऱ्यावर वेगळा भुरभुरला पाहिजे. मग त्या केसांखालच्या प्राण्याला काय हवंय, असल्या चौकशा कुणी करत नाही.

2001 साली 'मॉन्स्टर्स इंक.'मधल्या निळ्या राक्षसाच्या अंगावर 23 लाखांहून जास्त केस होते. पण त्या लोकांनी एक घोळ करून ठेवला. राक्षसच लहान मुलीला घाबरतात, अशी गोष्टही सोबत रचली. हा दुहेरी खर्च तुम्ही टाळा. 1995 च्या 'टॉय स्टोरी'ची तर कथाच न्यारी. तेव्हा संगणकाला माणसाची कातडी न् केस धड जमत नव्हते, प्लास्टिक मात्र झकास जमायचं. म्हणून बिचाऱ्यांनी खेळण्यांनाच नायक केलं. अडचण होती, डोकं चालवावं लागलं. तुम्हाला अडचणच नाही, तर उगाच कशाला शिणता?

पोस्टरसाठी फार विचार नको. एक भुवई वर, ओठाचा एक कोपरा वर. पात्र पांडा असो की बटाटा, चेहरा हाच.

शांततेपासून मात्र जपा. 'अप'मध्ये (2009) सुरुवातीलाच एक जोडपं चार-एक मिनिटं अवाक्षर न बोलता संसार करतं, म्हातारं होतं. परिणाम काय, तर मोठी माणसं अंधारात नाक पुसत बसतात आणि मुलं विचारतात, "काय झालं?" इतकं कोण समजावणार? त्यापेक्षा दर सात सेकंदांनी कुणालातरी आपटवा. आपटायला कुणी उरलं नाही, तर पादवा.

आवाजासाठी बडा नट घ्या. चारपाच वर्षांच्या प्रेक्षकाला त्याचं नाव ठाऊक नसतं, पण आवाज काढता येणाऱ्या साध्या कलाकाराला घेऊन मुलाखती कोण छापणार?

तंत्र फारच हाताशी असेल तर सगळं हुबेहूब खरं करा. असाच एक सिंहांचा चित्रपट मी भाचीला दाखवायला नेला होता. आयाळ अशी की हात फिरवावा. बाप मेला, छावा त्याला ढोसतोय, संगीत उचंबळून आलंय, आणि भाची माझ्या कानाशी येऊन विचारते, "मामा, त्याला भूक लागलीय का?" खऱ्या सिंहाला भुवया उंचावून रडता येत नाही, त्याला तो तरी काय करणार! पण आयाळ, वा.

आता शेवट. शेवट करूच नका. 'टॉय स्टोरी'च्या तिसऱ्या भागात, 2010 साली, मोठा झालेला मुलगा आपली खेळणी एका चिमुरडीला देऊन निघून जातो. इतका छान निरोप झाला की सगळ्यांना वाटलं, संपलं. 2019 ला चौथा भाग आला. तेव्हा निरोप घ्या, पण चप्पल दाराशीच राहू द्या.

अगदीच काही सुचलं नाही, तर सगळ्या पात्रांना रांगेत उभं करून एखाद्या जुन्या गाजलेल्या गाण्यावर नाचवा, खलनायकासकट. नाच चालू असताना मुलं खुर्च्यांवरून उतरून पायऱ्यांवर पकडापकडी खेळायला लागली, तर बिचकू नका. तिकिटं केव्हाच फाडून झालेली असतात.