पत्रिका आलीच नाही

आज डबा खाताना मोबाइलवर कॅरिबियन समुद्रातल्या हैती देशाची बातमी बघून आमच्यातला एकजण म्हणाला, "यांना राज्य करता येत नाही, उगाच स्वतंत्र झाले." घास घशातच अडकला. तेव्हा गप्प बसलो, म्हणून आता लिहितोय.

अरे, नेपोलियनच्या फौजेला हरवून १८०४ साली गुलामी उखडून टाकणारी माणसं ती! त्याच लढाईतला अलेक्सांद्र पेत्यों. पॅरिसमध्ये लष्करी शिक्षण घेतलेला शिपाईगडी, १८०७ साली दक्षिण हैतीचा राष्ट्राध्यक्ष झाला आणि मळ्यांच्या जमिनी आपल्या सैनिकांना वाटू लागला. त्याच्या दारात सिमोन बोलिव्हार आला, दक्षिण अमेरिका स्पेनच्या तावडीतून सोडवायला निघालेला सेनानी, हरलेला, खिशात दमडी नाही. पेत्योंनं बंदुका दिल्या, दारूगोळा दिला, माणसं दिली, छापखानासुद्धा दिला! अट एकच, जिंकशील तिथले गुलाम मोकळे कर. गडी पुन्हा हरून आला, तर पुन्हा दिलं.

मला आमचे आजोबा आठवतात. मृगाच्या तोंडावर भावकीतल्या एकाचा बैल गेला. आजोबांनी आपली जोडी दिली, वर बियाणं. म्हणाले, "आधी तुझ्या सालगड्याची बाकी चुकती कर, मग बैल ने." दोन वर्षांनी त्याच घरात लग्न निघालं. आजीनं आहेराचं पातळ आणून ठेवलं. पत्रिका आलीच नाही.

१८२६ साली बोलिव्हारनं पनामात नव्या देशांची परिषद भरवली. हैतीला आमंत्रण नाही!

आता कुणी सांगेल, पेत्यों तरी कुठला संत? आधी फ्रेंचांबरोबर आला, मग उलटला. तहहयात अध्यक्ष झाला, सभागृहालाही टाळं लावलं. बरं, मान्य. पण १८२५ साली फ्रान्सनं युद्धनौका उभ्या करून १५ कोटी फ्रँक मागितले, ते कशाचे? हैतीतल्या जुन्या फ्रेंच मळेवाल्यांच्या नुकसानीचे! म्हणजे सुटलेल्यांनीच मालकाला भरपाई द्यायची. आणि आम्ही एसीत बसून म्हणायचं, यांना राज्य करता येत नाही. लाज वाटते.

असो. पेत्योंनं यातलं काहीच पाहिलं नाही. १८१८ मध्येच पीतज्वरानं गेला, पन्नाशीही गाठली नाही. मदतीबद्दल बोलिव्हारला त्याचं नाव जाहीर करायचं होतं, तर हा नको म्हणाला.

आजोबाही कधी बोलले नाहीत. त्या लग्नाची वरात आमच्या दारावरनंच गेली. आजी पातळ मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसलेली. आजोबांनी तिला विचारलं, "बैलांना पाणी दाखवलं का?"