चांगली चाललेली शिफ्ट बिघडवायची कशी

अभिनंदन! चाकणच्या मशीन शॉपमधल्या तीन शिफ्ट तुमच्या ताब्यात आल्या आणि नेमकी टीम बरी चालली आहे. घाबरू नका. कुणाला काढायची गरज नाही. एकाला कळलेली गोष्ट दुसऱ्यापर्यंत पोचणार नाही एवढी काळजी घ्या, पुढचं ते लोक स्वतःच उरकतात.

सुरुवात शिफ्ट बदलण्यापासून करा. जाणारा आणि येणारा ऑपरेटर मशीनपाशी उभे राहून दहा मिनिटं बोलतात, ही उधळपट्टी आधी थांबवा. शिफ्ट तीनला सुटत असेल तर बस तीन वाजून पाच मिनिटांनी सोडा.

आता गंमत बघा. बोअर, म्हणजे पीसमधलं गोल भोक, २५.०० ते २५.०२ मिमीच्या आत हवाय. इन्सर्ट, म्हणजे कापणारी बदलती धार, झिजतो तसा बोअर लहान येऊ लागतो, म्हणून पहिल्या शिफ्टवाल्याने थोडा थोडा करत ०.०३ मिमी ऑफसेट, म्हणजे झिजेची भरपाई, मशीनवर चढवलाय. हे त्याच्या डोक्यात आहे, आणि डोकं बसमध्ये बसून घरी गेलंय. दुसरा येतो, इन्सर्ट बदलतो, ऑफसेट शून्य करायचं त्याला कोण सांगणार? नव्या धारेवर ते ०.०३ जसेच्या तसे चढतात. बोअर ओव्हर, म्हणजे मापापेक्षा मोठा. लहान राहिला असता तर रिवर्क करून घेतला असता. ओव्हर झालेला माल भंगारात. पहिला पीस गेजवर लावून मापला असता तर नुकसान एकाच पीसवर थांबलं असतं. म्हणून पहिल्या तासाचं टार्गेट इतकं चढवा, की गेज हातात घेणारा कामचुकार दिसला पाहिजे. लॉगबुक मात्र ठेवा, ऑडिटला लागतं. शेऱ्याचा रकाना ‘ओके’ मावेल एवढाच आखा.

क्रेट भरून माल वाया गेला की मीटिंग घ्या आणि पहिला प्रश्न विचारा, ‘कोणी केलं?’ ‘कशामुळे झालं?’ हे चुकूनही नको. त्या प्रश्नाचा माग काढत गेलात तर आधी टार्गेट लागतं, मग बसची वेळ, मग तुमची केबिन.

संशोधक ॲमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुका तपासल्या. चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद कमी असेल असं वाटलं होतं, निघाली जास्त. तिथले लोक चूक झाली की बोलत होते, एवढंच. तुम्हाला असली बोलकी माणसं परवडणार नाहीत. आठवडाभर एकही रिजेक्शन न लिहिणाऱ्याला सगळ्यांसमोर बक्षीस म्हणून मिक्सर द्या. पुढच्या आठवड्यापासून खराब पीस चिपच्या, म्हणजे धातूच्या किसाच्या, ट्रॉलीत तळाशी सापडतील आणि तुमचा तक्ता स्वच्छ राहील. टोयोटासारखी लाइन थांबवायची दोरीही बसवा, पाहुण्यांना दाखवायला बरी. पहिल्यांदा कुणी ओढली की घड्याळाकडे बघून एक सुस्कारा टाका. पुन्हा कुणी हात लावणार नाही.

काम तुंबलं तर माणसं वाढवा. फ्रान्सचे शेतकी अभियंते रिंगलमान यांनी १९१३मध्ये दोरी ओढण्याच्या प्रयोगांचे आकडे छापले. आठ जण एकत्र ओढताना प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढताना असतो त्याच्या निम्म्यावर येत होता. काही ताल जुळत नाही म्हणून, काही ‘बाकीचे आहेत की’ म्हणून. तेव्हा कुणाचं काम कुठे संपतं हे लिहून ठेवू नका आणि बोर्डावर फक्त एकूण आकडा लावा.

राहिलं अप्रेझल. दहांमधला एक ‘खालचा’ ठरलाच पाहिजे, मग दहाही जीव तोडून राबले असोत. असली सक्तीची क्रमवारी मायक्रोसॉफ्टने २०१३मध्ये सोडून दिली. वापरलेली आहे, तुम्हाला स्वस्तात पडेल. शेजारच्या पोराला ‘अरे, चाळीस पीसनंतर धार बघत जा’ असं सांगणारा जुना ऑपरेटर आता हिशोब करतो: हा शिकला तर खालचा कोण? मग तो गप्प राहायला लागतो. पोरगंही विचारायचं सोडतं. शॉपमध्ये फक्त स्पिंडलचा आवाज उरतो, आणि वरून बघायला आलेले साहेब म्हणतात, ‘वा, काय शिस्त आहे!’