पस्तिशीत ऑटिझम कसा होईल? या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमचा आक्षेप असा, की सांगलीत नोकरी, संसार, हळदीकुंकू सगळं निभावणाऱ्या बाईला पस्तिशीत ऑटिझम होतोच कसा? हे मोबाइलवरचं खूळ आहे, आणि शिक्का मारून घेऊन मिळतं तरी काय?

पस्तिशीत होत नाही, पस्तिशीत कळतो. लक्षणं लहानपणापासूनची असावी लागतात, पण शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली ती झाकली जाऊ शकतात, हे डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानाच्या २०१३ च्या ग्रंथातच लिहिलंय. ते हळदीकुंकूच घ्या. कुणाला काय विचारायचं हे घरून घोकून आलेलं, बाकीच्या हसल्या की हसायचं, नजर समोरचीच्या भुवयांवर ठेवायची. बाहेरून सगळं झकास. घरी आल्यावर मात्र कुकरची शिट्टी सोसत नाही आणि दुसरा दिवस अंथरुणात जातो. बाळंतपण, बढती असं काही अंगावर आलं की या युक्त्या पुऱ्या पडत नाहीत.

मोबाइलचं निम्मं पटतं. रॅड्स-आर या ऑटिझमच्या प्रश्नावलीतली ८० विधानं स्वतः भरून निदान होत नाही. नुसत्या चिंतेनंही गुण चढतात. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट लागतात. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. कुठेही जा, मोठ्यांचा ऑटिझम तपासता का हे आधी विचारा. पुष्कळ ठिकाणी फक्त मुलं बघतात.

घोडं अडतं ते लहानपणच्या माहितीपाशी. आईला ‘मी कशी होते?’ विचारलं की ‘गुणाची होतीस, काही त्रास नव्हता’ एवढंच हाती येतं. गप्प मुलीचं आपल्याकडे कौतुकच! म्हणून नेमकं विचारायचं. बोलायला कधी लागले? भातुकली खेळायचे की भांडी नुसती ओळीनं लावायचे? कुठला कपडा टोचतो म्हणून काढून टाकायचे? भाजी वरणाला लागली तर जेवायचे का? उत्तरं आईच्याच शब्दांत, तेव्हाच्या वयासकट लिहून न्यावीत, सोबत प्रगतिपुस्तकातले शेरे.

मिळतं काय? ऑटिझमवर गोळी नाही, खरंय. पण नुसतं नैराश्य समजून ‘चारचौघांत मिसळ’ म्हटलं जातं आणि दमणूक वाढते, ते थांबतं. पाहुणे येणार हे आदल्या दिवशी सांगणं, साहेबांकडून काम लेखी मागणं, मिक्सर लावण्याआधी हाक मारणं, हे हक्कानं मागता येतं.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र ही वेगळी गोष्ट. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, पण इसा या ४० मुद्द्यांच्या मोजपट्टीत ७० च्या आत गुण आले तर ऑटिझम धरत नाहीत, आणि अस्खलित बोलणारी बाई त्यात खाली राहू शकते. तेव्हा प्रमाणपत्र नाकारलं म्हणून तज्ज्ञाचा अहवाल फाडू नये.