न उघडलेला अहवाल

परत तेच! सरकारला अडचणीचा प्रश्न विचारा, 'राष्ट्रीय सुरक्षा' हे दोन शब्द पुढे येतात आणि कोर्टसुद्धा हात आखडता घेतं. अमेरिकेत हे वर्षानुवर्षं चाललंय आणि दर वेळी वाचताना माझं डोकं तापतं.

१९४८ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या वेक्रॉसजवळ हवाई दलाचं बी-२९ विमान कोसळलं. नऊ माणसं गेली. त्यातल्या तीन बिगरलष्करी माणसांच्या विधवांनी नुकसानभरपाई मागितली, चौकशीचा अहवाल मागितला. सरकार म्हणालं, गुपित आहे. खालच्या कोर्टांनी त्या बायकांची बाजू घेतली, पण १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा शब्द मानला. अहवाल उघडून न बघता! अहो, निदान न्यायाधीशांनी तरी बंद दाराआड वाचायचा ना?

पुढे कित्येक दशकांनी तो कागद खुला झाला. त्यात काय होतं? इंजिनाला आग लागू नये म्हणून बसवायच्या उष्णतारोधक पट्ट्या बसवल्याच नव्हत्या. म्हणजे देखभालीतली हयगय. आणि याच खटल्याचा आधार घेऊन सरकार पुढेही कागद दडवत राहिलं.

आणि अमेरिकेत परकीय हेरगिरीच्या संशयावरून लोकांवर पाळत ठेवायची सरकारला परवानगी देणारं कोर्ट तर १९७८ च्या कायद्यापासून गुप्तच बसतं, बहुतेक वेळा फक्त सरकारचीच बाजू ऐकतं. ज्याच्यावर पाळत आहे त्याला पत्ताच नाही, मग दाद मागणार कशी? ज्याच्यावर आरोप, त्यानेच पुरावा दाखवायचा की नाही ते ठरवायचं, हे मला कुठल्याच देशात पटणार नाही.